सातपुड्यात नि पाटणादेवीच्या डोंगरात भटकायला कुठला ऑनलाइन नकाशा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन जळगावला आलात, पुण्याकडे असताना सह्याद्रीत बरेच ट्रेक झाले, आणि इथे फोनवर यावल-चोपड्याच्या वरचा भाग उघडला की नुसता हिरवा डाग दिसतो, वाट नाही, पाणी नाही, रेंज तर नाहीच, तर एकच भरवशाचं अ‍ॅप सांगा.

एकच सांगणं मला जमणार नाही, पण मी चाळीसगावचा आहे, बरीच वर्षं या डोंगरांत हिंडतोय आणि फुकट मिळणारे जवळपास सगळे नकाशे वापरून झालेत, त्यामुळे काय कशासाठी वापरायचं ते सांगतो. त्याच्या आधी एक गोष्ट पक्की करा. खानदेशात नकाशा उघडला की सगळ्यात आधी त्याची तारीख शोधायची. कुठल्या साली केलाय आणि कुठल्या महिन्यातल्या फोटोवरून केलाय. सह्याद्रीत हे विसरलं तर फारसं बिघडत नाही कारण तिथे दर रविवारी शेकडो लोक त्याच वाटेने जातात आणि ट्रॅक, म्हणजे फोनने नोंदवलेली चाललेली वाट, नकाशावर टाकतात. आपल्याकडे तसं नाहीये.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मार्च महिना, आम्ही तिघं मित्र, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळापासून वर चढून पठारावरून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जायचं ठरवलेलं. फोनवरच्या नकाशात एका नाल्याच्या काठाने तुटक रेघेची पायवाट होती आणि नाला चांगला निळा दाखवलेला, म्हणून प्रत्येकी दोनच लिटर पाणी घेतलं, पुढचं नाल्यावर भरू म्हणून. नाल्यात नुसते तापलेले दगड. आणि ती पायवाट गेली ती सरळ एका कड्याच्या पायथ्याशी, तिथे संपली. बारा वाजून गेलेले, पाणी अर्ध्या लिटरवर आलेलं, एका मित्राच्या पायात गोळे यायला लागले. वरून बकऱ्या घेऊन एक म्हातारे बाबा येत होते, त्यांनी लांबूनच हात केला, "भाऊ, आठे वाट नई शे," आणि मग आम्हाला मागे फिरवून वीसेक मिनिटांवर एका झाडाखाली झिरा दाखवला, वाळूत हातभर खड्डा, त्यात गार पाणी. तो झिरा कुठल्याच नकाशात नव्हता. त्या दिवशी ते बाबा भेटले नसते तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो.

घरी येऊन त्या रेघेचा इतिहास उघडला. तो नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरणारा होता आणि ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक रेघ कोणी, कधी काढली, नंतर कोणी बदलली हे सगळं उघड बघता येतं. कोणीतरी पाच वर्षांपूर्वी घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून ती वाट काढलेली, बहुतेक पाणी वाहून झालेला पट्टाच पायवाट समजून. काढणाऱ्याने चांगल्या मनानेच केलं असणार. नाल्याला पाणी ठराविक महिनेच असतं अशी खूण टाकायची सोय तिथे आहे, ती टाकलेली नव्हती, म्हणून तो बारमाही नदीसारखा निळा दिसत होता.

तर ओपनस्ट्रीटमॅपपासूनच सुरू करतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प, कोणीही भर टाकू शकतं आणि कोणीही फुकट वापरू शकतं. फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घ्या, दोन्ही हाच डेटा वापरतात आणि नकाशा आधी उतरवून ठेवला की रेंज लागत नाही. फोनची जीपीएस चिप सरळ उपग्रहांकडून सिग्नल घेते, तिला सिम लागत नाही, फक्त नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो म्हणून घरून निघतानाच चालू करून घ्यायचं. आणि एक चूक इथे सगळेच करतात, फक्त महाराष्ट्राची फाईल उतरवतात. सातपुड्याच्या धारेवर गेलात की मध्य प्रदेश लागतो, तोरणमाळ-अक्कलकुवा बाजूला गुजरातही लांब नाही, तर तिन्ही राज्यांच्या फाईली ठेवा, नाहीतर ऐन डोंगरात अर्धा स्क्रीन कोरा.

पण डोंगराचा आकार समजायला माझा सगळ्यात जास्त भरवसा सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेच्या टोपोशीटवर, म्हणजे उंचीच्या रेघा असलेल्या नकाशावर आहे. ही संस्था १७६७ पासूनची, आणि आता १:५०,००० च्या शीटची पीडीएफ त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर नाव नोंदवून फुकट उतरवता येते. एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, एक शीट म्हणजे साधारण २६ किलोमीटर रुंद नि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच तुकडा. जुन्या पद्धतीत आपला बहुतेक खानदेश ४६ नंबरात येतो, यावलचा डोंगर ४६ ओ मध्ये, आणि ७६ रेखांश ओलांडला, म्हणजे रावेरच्या आसपास, की नंबर ५५ होतो. नव्या शीटचे नंबर एफ ४३ ने सुरू होतात. उंचीच्या तपकिरी रेघा २० मीटरला एक, त्या जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा आहे, तिकडून उतरायचा विचारही करू नका. आणि खानदेशी माणसासाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कोरड्या पात्राचा रंग. ज्या नाल्याला पाणी राहत नाही तो टोपोशीटवर काळा काढतात, पाणी असेल तिथे निळा. आमच्या त्या मार्चच्या नाल्याची शीट मी नंतर काढली तर नाला काळा होता. नकाशा घरात असून बघितला नव्हता.

टोपोशीटची तारीख समासात छापलेली असते, पाहणी कुठल्या साली झाली ती. डोंगर तीस-चाळीस वर्षांत हलत नाही, पण पाडे हलतात, धरणं होतात, गाडरस्त्याचा डांबरी होतो. म्हणून आकारासाठी टोपोशीट, रस्त्यांसाठी नवं काहीतरी. जुनी स्कॅन केलेली शीट कुठून मिळाली आणि ती तशीच फोनवरच्या नकाशावर चढवली तर सगळं शंभरेक मीटर सरकलेलं दिसेल, कारण जुन्या शीट एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या जुन्या मापावर काढलेल्या आहेत आणि जीपीएस वेगळं माप वापरतं. शंभर मीटर म्हणजे डोंगरात शेजारचा नाला. पोर्टलवरच्या नव्या, ओपन सिरीज म्हणतात त्या शीटला ही अडचण नाही.

अ‍ॅपमधल्या उंचीच्या रेघा बहुतेक एसआरटीएम डेटावरून केलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने जगाचा बराच भाग मोजला, साधारण ३० मीटरला एक उंची, आणि तो डेटा सगळ्यांसाठी खुला केला. फार मोठं काम आहे ते, पण ३० मीटरच्या चौकोनात वीस मीटरचा सरळ कडा पुसट होऊन जातो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये उतार सोपा दिसला म्हणून तो सोपा असतो असं नाही. आणि काही अ‍ॅप जीपीएसची कच्ची उंची तशीच दाखवतात, ती आपल्या भागात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा पन्नासहून जास्त मीटरने कमी येते, तेव्हा उंचीवरून वाट ठरवू नका.

आता पाणी. तुम्ही यावल-रावेरकडून सातपुड्यात जाणार म्हणून हे नीट सांगतो. डोंगरातून नद्या खाली उतरतात तिथे पायथ्याला गोट्यांचा नि भरड वाळूचा एक लांब पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. पाणी त्या पट्ट्यात आलं की जमिनीत मुरून जातं. म्हणजे वर खोऱ्यात डोह भरलेला आणि खाली गावाजवळ तीच नदी खडखडीत. नकाशात मात्र वरून खालपर्यंत एकसारखी निळी रेघ. त्यामुळे पायथ्याला नदी कोरडी बघून परत फिरू नका आणि रेघ निळी बघून बाटली रिकामीही नेऊ नका, दोन्ही चुका मी केलेल्या आहेत.

या आठवड्यात पाणी आहे का हे बघायचं असेल तर सेंटिनेल-२ चे फोटो बघा. युरोपियन स्पेस एजन्सीचे उपग्रह आहेत, साधारण पाच दिवसांनी एकदा आपल्या डोक्यावरून फोटो काढतात, कोपर्निकस ब्राउझरवर फुकट दिसतात. एक ठिपका १० मीटरचा, म्हणून पायवाट दिसणार नाही, पण तलाव, बंधारा, मोठा डोह दिसतो. पावसाळ्यात ढगच दिसतात, ते सोडून द्या. एकदा यावल-रावेरचा मे महिन्यातला फोटो इन्फ्रारेड रंगात लावून बघा, म्हणजे जिथे हिरवी पानं तिथे लाल दिसतं. मला वाटलेलं जंगल लालभडक दिसेल नि शेत फिकं, दिसलं बरोब्बर उलटं. पायथ्याच्या केळीच्या बागा लालबुंद आणि वरचा सगळा सागाचा डोंगर राखेच्या रंगाचा, कारण उन्हाळ्यात पानं गळून गेलेली असतात. तेव्हा मला समजलं की साध्या नकाशातला तो हिरवा डाग म्हणजे फक्त वनखात्याची हद्द, त्याखाली सावली मिळेल असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. एप्रिलमध्ये सातपुड्यात जायचं असेल तर हे डोक्यात ठेवूनच टोपी नि पाणी भरा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पायवाटा शोधायला मात्र उन्हाळ्यातला फोटो चांगला. गूगल अर्थमध्ये जुने फोटो मागे सरकवून बघता येतात, त्यात एप्रिल-मेचा एखादा स्वच्छ फोटो काढा, पानं नसल्याने वाट उघडी पडलेली असते. पण त्यातही गंमत आहे. मार्च-एप्रिलमध्ये लोक मोहफुलं वेचायला जातात, झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, मग तेंदूपत्ता येतो, त्या दिवसांत वाटा नव्याने पडतात. त्यातल्या कित्येक मोहाच्या झाडापाशीच संपतात, पुढे कुठेच जात नाहीत, आणि पावसाळ्यानंतर छातीएवढ्या गवतात दिसतही नाहीत. फोटोत ती मोठी वाट वाटते. कोणत्या वाटेने बारा महिने माणूस जातो हे पाड्यावर विचारल्याशिवाय कळत नाही, चोपडा-शिरपूरच्या वर पावरा लोक, यावल-रावेरकडे तडवी, आदराने विचारलं तर कोणीही थांबून सांगतं.

उन्हाळ्यात निघायच्या आदल्या रात्री नासाचा फर्म्स नावाचा नकाशा बघायची सवय लावा, त्यावर आगी दिसतात, उपग्रहाने टिपल्यावर साधारण तीन तासांत. ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, त्यामुळे नेमकी जागा धरू नका, पण आपल्या खोऱ्यात तीन-चार ठिपके दिसले तर मी जात नाही.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, ते घरी कॉम्प्युटरवर बघायला बरं, डोंगरात मी वापरत नाही. अभयारण्याची हद्द मात्र आधी बघून घ्या, यावल अभयारण्य असो की गौताळा, नकाशात वाट दिसते म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच आत जायचं.

एक विनंती करतो, तुम्ही ट्रॅक टाकणार असाल तर. १८८४ नंतर ज्याची खात्रीची नोंद नव्हती तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, आपल्या खानदेशात. अशा पक्ष्याचं घरटं दिसलं तर त्याची नेमकी जागा कुठल्याही उघड्या नकाशावर टाकू नका. आयनॅचरलिस्टसारखी साइट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करते, पण फोनमधली जीपीएक्स फाईल, म्हणजे ज्यात तुमचा ट्रॅक साठतो ती, काही धूसर करत नाही, ती तुम्ही ग्रुपवर टाकली की गेली. झऱ्यांचंही मी तसंच करतो, पाड्यावरच्या लोकांना विचारून, ते हो म्हणाले तरच टाकतो, कारण मे महिन्यात तो एकच झरा गुरांना नि माणसांना पुरवायचा असतो.

बाकी भर जरूर टाका. ओपनस्ट्रीटमॅपवर जागेचं नाव मराठीत टाकायची वेगळी जागा आहे, तिथे लोक म्हणतात तेच नाव लिहा. नाल्याला हंगामी असल्याची खूण लावा, वाट स्वतः चाललेले असाल तरच काढा आणि टिपणात महिना लिहा, पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर पाटणादेवी. रस्ता चांगला, माणसांची वर्दळ, वर केदाऱ्याचा धबधबा, आणि गणिताची आवड असेल तर भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटणचा. देवळाच्या वरची ती खोटी पायवाट मी काढून टाकली आहे, नाल्याला हंगामी लिहिलंय, आणि पठारावर जाणारी खरी वाट त्या बाबांच्या मागे चालून नोंदवली आहे. पण माझ्या सगळ्या नोंदी जानेवारी ते मार्चमधल्या आहेत. तुम्ही ऑगस्टमध्ये जाणार असाल तर नाला किती ठिकाणी ओलांडावा लागतो आणि कुठे ओलांडता येत नाही तेवढं टाका, ते आजच्या घडीला कुठल्याच नकाशात नाही.