फिनिक्सला येतोयस तर

अमेरिकेतल्या फिनिक्सची नोकरी घेऊ का, पोरीला तिथली हवा मानवेल का, असं विचारलंयस. व्हिसा, पगार, भाडं तुझी कंपनी सांगेल. मी धुळीचं सांगतो.

आपल्या देवगडात पाऊस आला की धूळ बसते. इथेही जून ते सप्टेंबरला मान्सूनच म्हणतात, पण त्यात आधी धूळ उठते, डोंगराएवढी. इथल्या मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू श्वासातून आत गेले की व्हॅली फीव्हर, म्हणजे फुफ्फुसाचा आजार. एकाचा दुसऱ्याला होत नाही, पुष्कळांना तर झालेला कळतही नाही. मला कळला, पण फार उशिरा.

महिनाभर खोकला, रात्री घाम, गुडघे धरलेले. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. बुरशीला त्याचं काय! भारतातला म्हटल्यावर टीबी शोधला. मग सीटीत फुफ्फुसात दोन सेंटिमीटरची गाठ दिसली आणि पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढतात त्यात, ती कॅन्सरसारखी चमकली. सुजलेला भागही कॅन्सरसारखीच ती साखर ओढतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुना एक्स-रे असेल तर दाखवा, गाठ तेव्हाही होती का ते बघू. माझी फिल्म शेजारच्या पोरांनी ग्रहण बघायला कापलेली.

बायोप्सीच्या मंजुरीला इन्शुरन्सवाल्यांनी १९ दिवस घातले. दर फोनला नवा माणूस, पुन्हा आडनावाचं स्पेलिंग. त्यातच शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' मराठी लिहिली म्हणून मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतली. तो लाजून बोलला नाही, तर कच्च्यांच्या वर्गात बसवला. रत्नागिरीत इंग्लिश मीडियमला पहिला यायचा रे तो! खोटं लिहायला हवं होतं, असं अजून वाटतं.

एकटेपणाची सवय होते. पुढे.

बायोप्सीत बुरशीच निघाली. मग कित्येक महिने फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, त्याने ओठ फुटलेले, केस गळलेले. तेव्हा तुमचे तिघांचे छातीचे एक्स-रे काढून आण. वादळात गाडीच्या काचा बंद ठेव. आणि खोकला रेंगाळला तर व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी स्वतः तोंडाने माग. सुरुवातीला निगेटिव्ह आली तरी काही दिवसांनी पुन्हा करून घे.

आईला यातलं काही ठाऊक नाही. पेट स्कॅन चतुर्थीच्या आदल्या दिवशी होता. रजा मिळाली नाही, असं सांगितलं. तिने फोनवरून आरती ऐकवली आणि मला मध्येच उबळ आली. "तो एसी बंद कर रे झिला," म्हणाली. अजून दर फोनला एसीचंच विचारते.