ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या स्पोर्ट्स कारची तारीख पुन्हा पुन्हा पुढे का जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खास रंग आणि सिरॅमिक ब्रेक निवडून ऑर्डर दिली, टोकन भरलं, डीलरने सांगितलेली तारीख दोनदा पुढे गेली. आता थांबायचं की रद्द करायचं?

ते ठरवण्याआधी डीलरला एकच विचारा: माझी ऑर्डर कारखान्याच्या सिस्टीममध्ये आहे की अजून तुमच्याच यादीत आहे? कारखाना प्रत्येक डीलरला गाड्यांचा कोटा ठरवून देतो, आणि कोट्यापेक्षा जास्त टोकन घेऊन ठेवणं सर्रास चालतं. कोट्यात नंबर लागेपर्यंत फॉर्मवर तुमची सही असली, तरी कारखान्याच्या लेखी ती गाडी नसतेच. तोवर मिळालेली तारीख हा डीलरचा अंदाज, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तो जरा गोडच असतो.

ऑर्डरचे टप्पे सगळ्यात स्पष्ट दिसतात ते शेवरोले कॉर्वेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या बाबतीत, कारण ती बनवणारी जनरल मोटर्स प्रत्येक टप्प्याला कोड देते. ११०० म्हणजे ऑर्डर नोंदवली, पण कंपनीने अजून उचललेली नाही. २००० म्हणजे स्वीकारली. ३००० म्हणजे उत्पादन विभागाने घेतली, ३३०० म्हणजे वेळापत्रकात बसली, ३४०० म्हणजे कारखान्याकडे गेली, आणि तोवर बदल बंद झालेले असतात. ३८०० ला गाडी तयार, ४२०० ला रवाना, ५००० ला डीलरच्या दारात. ११०० वर ऑर्डर महिनोन्‌महिने पडून राहू शकते. दुसऱ्या कंपन्यांत टप्प्यांची नावं वेगळी, क्रम साधारण हाच. म्हणून ‘गाडी कधी येणार’ असं विचारण्यापेक्षा ‘कोणत्या टप्प्यावर आहे आणि उत्पादनाचा आठवडा पडला का’, म्हणजे ती कोणत्या आठवड्यात बनणार हे ठरलं का, असं विचारा. आठवडा पडलेला नसेल तर तारखेला काही अर्थ नाही.

ऑर्डर सिस्टीममध्ये आहे, तरी हलत नाही? मग बहुतेक वेळा एखादा ऑप्शन अडलेला असतो. वेळापत्रक भरताना त्या आठवड्यात सिरॅमिक ब्रेकचे जितके संच मिळणार, तितक्याच तशा ऑर्डरी उचलल्या जातात. बाकीच्या मागे राहतात आणि तुमच्यानंतर साधे ब्रेक घेऊन आलेला पुढे निघून जातो. त्याने वशिला लावलेला नसतो. या ब्रेकची सिरॅमिक डिस्क, म्हणजे चाकामागची चकती, ओतून चटकन निघणारी वस्तू नाही: कार्बन तंतूंचं मिश्रण साच्यात दाबायचं, भट्टीत भाजून त्याचं कार्बन करायचं, मग १४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळलेलं सिलिकॉन त्यात मुरवायचं आणि शेवटी घासून मापात आणायचं. बनवणारे मोजकेच आहेत. मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात दुप्पट डिस्क मिळत नाहीत.

खास रंगाचं दुखणं वेगळं. कंपनीच्या यादीतला रंग असेल तर फक्त जागेची वाट, कारण असे रंग रोज ठरावीक गाड्यांनाच देता येतात. मधे रंग फवारायची बंदूक आणि नळ्या धुवाव्या लागतात. पण तुम्ही स्वतःचा नमुना दिला असेल, तर आधी तो रंग त्या गाडीवर बसतो का याची चाचणी होते आणि तिलाच कित्येक महिने लागतात. अडतं ते बंपरपाशी. धातूच्या बॉडीचा रंग भट्टीत जास्त तापमानाला भाजतात. प्लॅस्टिकचे बंपर ते तापमान सोसत नाहीत, म्हणून ते वेगळ्या रसायनाने, कमी तापमानाला, बऱ्याचदा दुसऱ्याच पुरवठादाराकडे रंगवले जातात. मेटॅलिक रंगात कण कसे आडवे बसले यावर छटा बदलते. दरवाजा आणि बंपर उन्हात एक दिसले आणि ट्यूबलाइटखाली वेगळे, तर चाचणी नापास आणि पुन्हा सुरुवात. पास झालेल्या रंगातही एखादी बॉडी तपासणीत नापास होते, घासून परत रंगवावी लागते आणि तिचा रांगेतला क्रम जातो.

सीट, चाकं, मागचा पंख असे भाग उशिरा आले तर गाडी बनवून बाजूला उभी करता येते. वायरिंग हार्नेसचं, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या विजेच्या तारांच्या जुडग्याचं, तसं होत नाही. अशा गाडीचा हार्नेस तिच्या ऑप्शनप्रमाणे बनतो: गरम सीट घेतली तर त्या तारा, नाही तर नाहीत. शिवाय रिकाम्या बॉडीत सुरुवातीलाच तो टाकायचा असतो. डॅशबोर्ड, गालिचे, सीट सगळं त्याच्यावर. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यावर पश्चिम युक्रेनमधले लिओनी कंपनीचे हार्नेसचे कारखाने थांबले आणि पोर्शसह जर्मन कंपन्यांना गाड्यांचं उत्पादन थांबवावं लागलं, ते याचमुळे. ऑर्डर गोठल्यावर, म्हणजे बदल बंद झाल्यावर, ‘फक्त एक बटण वाढवा’ म्हटलं तर कारखाना नाही म्हणतो, त्यातही बराचसा हात हार्नेसचाच.

कारखान्यावरच संकट आलं तर मात्र कुणाच्या हातात काही नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बोलिंग ग्रीन शहरात टोर्नेडो आला, कॉर्वेटच्या कारखान्याच्या छताला आग लागली आणि लाइनवरच्या १०० हून जास्त गाड्या भंगारात काढाव्या लागल्या. जून २०२४ च्या पुरात स्वित्झर्लंडमधल्या सिएर इथला नोव्हेलिसचा ॲल्युमिनियमचा कारखाना बुडाला आणि पोर्शच्या उत्पादनाला खीळ बसली.

गाडी बनली म्हणजे निघाली असंही धरू नका. गुणवत्तेच्या तपासणीसाठी ती रोखली जाते, सॉफ्टवेअरची दुरुस्ती येईपर्यंत उभी राहते, जहाजात जागा मिळेपर्यंत बंदरात थांबते. २०२४ च्या सुरुवातीला एका छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या उगमावरून पोर्श, बेंटली आणि आउडीच्या हजारो गाड्या अमेरिकेच्या बंदरांत अडकल्या. तो भाग बदलल्यावरच सुटल्या. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे जहाज पेटून मार्चमध्ये अझोर्स बेटांजवळ बुडालं, तेव्हा फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ४,००० गाड्या तळाला गेल्या. त्यात लॅम्बोर्गिनीच्या अव्हेंटाडोर मॉडेलच्या शेवटच्या काही गाड्याही होत्या. मॉडेल संपत आलेलं असताना त्या पुन्हा बनवण्याची व्यवस्था करावी लागली.

आता तुम्ही काय करावं. डीलरच्या कोटेशनवर भागवू नका. कारखान्याचा ऑर्डर क्रमांक असलेली छापील प्रत मागा आणि ऑप्शनचे कोड एकेक करून ताडून बघा. एक कोड चुकला आणि ऑर्डर गोठण्याआधी दिसला नाही, तर चुकीचीच गाडी येते. मग लेखी विचारा: यातला कोणता ऑप्शन अडलाय, बदल कधीपर्यंत करता येतील, अडलेला ऑप्शन काढला तर कोणता आठवडा मिळतो. माझं मत विचाराल तर ट्रॅकवर गाडी नेणार नसाल तर सिरॅमिक ब्रेक सोडा, रंग ठेवा. ब्रेकची उणीव रस्त्यावर क्वचितच जाणवेल, रंग रोज डोळ्यांसमोर असतो. मात्र चाचणीतच अडकलेल्या रंगाला हा हिशोब लागू नाही. तिथे यादीतला जवळचा रंग घेणं शहाणपणाचं.

मॉडेल वर्ष बदलायला आलं असेल तर जास्त सावध राहा. ऑर्डर पुढच्या वर्षात ढकलली गेली की किंमत वाढू शकते, एखादा ऑप्शन यादीतून गायब होतो, कधी ऑर्डर नव्याने भरावी लागते. जुनी किंमत टिकणार का, हे तोंडी ऐकून सोडू नका. कर्ज मंजूर करून ठेवलं असेल तर व्याजदर कधीपर्यंत पक्का आहे ते बघा. गाडी बनून निघाल्याशिवाय जुनी गाडी विकू नका.

रद्द करावं ते दोनच परिस्थितींत: कोटा मिळालेलाच नाही आणि टोकन परत मिळतंय, किंवा मॉडेल बंद होतंय आणि उत्पादनाचा आठवडा पडलेला नाही. आठवडा पडल्यावर रद्द करून दुसऱ्या डीलरकडे गेलात तर बहुधा रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहाल.

बनून महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी ताब्यात घेताना १२ व्होल्टच्या बॅटरीची चाचणी करून मागा, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज झाली तरी तिची ताकद गेलेली असू शकते. टायरच्या बाजूचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिल्या फेरीत स्टिअरिंगला थरथर जाणवली तर एका जागी उभं राहून टायर चपटे झालेत का ते तपासायला सांगा. टायर तापल्यावरही थरथर गेली नाही, तर सही करण्याआधी ते बदलून घ्या.