मे महिन्यातले सोलापूर पाहून ठरवा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी 41 वर्षांची असून डोंबिवलीत राहते. माझे माहेर कोकणातले आणि सासर सोलापूरचे. यजमान एका खासगी कंपनीत संगणकप्रणालीच्या देखभालीचे काम करतात आणि गेली तीन वर्षे ते संपूर्णपणे घरूनच काम करत आहेत. मुलगी आठवीत आहे, मुलगा तिसरीत. दोघेही राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत आहेत. सासूबाई 74 वर्षांच्या असून सासरे गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या घरात एकट्या राहतात. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून निभावले, पण तेव्हापासून आता सोलापूरलाच जाऊन राहायचे, असे यजमानांनी मनात घेतले आहे. डोंबिवलीच्या सदनिकेचा हप्ता 21,000 रुपये असून कर्ज 2031 मध्ये फिटेल. ती भाड्याने दिल्यास 15,000 रुपये येतील. सोलापुरात घर स्वतःचे आहे, लोकलची दगदग नाही आणि मुलांना आजी मिळेल, असे यजमानांचे म्हणणे आहे आणि ते मला पटतेही. दिवाळीला आणि संक्रांतीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्ही जातो, तेव्हा मुलांचा पाय तिथून निघत नाही. तरीही समुद्रापासून इतक्या दूरच्या एका छोट्या गावात कायमचे जायचे या विचाराने मला झोप लागत नाही. (मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 14 वर्षे तंत्रज्ञ आहे; ती नोकरी अर्थातच सोडावी लागेल.) मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होईल का? हा निर्णय कसा घ्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या सोलापूरला तुम्ही छोटे गाव म्हटले आहे, त्याबद्दल एक सोलापूरकर म्हणून माझी तक्रार आधी नोंदवून ठेवते. ती नोंदवल्यावर हेही कबूल करते, की नोकऱ्यांपुरते बोलायचे तर तुमचा शब्द फारसा चुकलेला नाही. जिथे गिरण्यांच्या भोंग्यावर घरोघरीचे चुलीचे वेळापत्रक ठरत असे, तिथे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग आणि विड्यांचा धंदा मागे राहिला, पण शिकलेल्या मुलांना सामावून घेईल एवढे काम शहरात पुन्हा उभे राहिले नाही. त्यामुळे इथली मुले पदवी घेतात आणि पुण्याची वाट धरतात. तुमचे कुटुंब त्याच वाटेने उलट यायला निघाले आहे, म्हणून यजमानांच्या कामाबद्दल आधी लिहिते.

घरून काम करण्याची मुभा ही कंपनीने तूर्त दिलेली सवलत असते, नेमणूकपत्रातली अट नव्हे. आमच्या गल्लीतले एक कुटुंब 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून परत आले, वरचा मजला बांधला, मुलांची नावे इथल्या शाळेत घातली आणि दोन वर्षांनी कंपनीने आठवड्यातून तीन दिवस हजर राहण्याचे पत्र पाठवताच सामान बांधून पुन्हा पुण्याला गेले. वरचा मजला आता भाड्याने दिला आहे. यजमानांनी निघण्यापूर्वी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात : कामाचे ठिकाण सोलापूर राहील असे पत्र, आणि पुढे बोलावायचे झाल्यास किती महिने आधी कळवणार याचा खुलासा. महिन्यातून एक-दोनदा मुंबई गाठणे अवघड नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि 2023 पासून धावणारी वंदे भारत या दोन्ही गाड्या कल्याणला थांबतात, आणि 2025 पासून होटगी रस्त्याच्या विमानतळावरून मुंबईला विमानही जाऊ लागले आहे. विमानाच्या भरवशावर मात्र संसाराचे गणित मांडू नये. महिन्यातून दोनदाचे आठवड्यातून दोनदा झाले, तर तो माणूस ना डोंबिवलीत राहतो, ना सोलापुरात. तो गाडीत राहतो.

आता तुमच्याविषयी. पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे आणि त्यात ‘अर्थातच’ असा शब्दही घातला आहे. हे ‘अर्थातच’ कुणी ठरवले? सोलापूर हे दवाखान्यांचे शहर आहे. 1963 पासून इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि रेल्वे लाइन्स, सात रस्ता या भागांत सकाळी गेलात तर धाराशिवकडून, अक्कलकोटकडून आणि थेट कर्नाटकातल्या इंडी-विजापूरकडून आलेले रुग्ण डबे घेऊन पायऱ्यांवर बसलेले दिसतील. इतके रुग्ण जिथे येतात तिथे रक्त तपासणाऱ्या अनुभवी हातांना काम असते. पगार डोंबिवलीपेक्षा कमी मिळेल, हे गृहीत धरा. पण काम मिळण्याची शक्यता तुमच्या बाबतीत यजमानांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि त्यांना कंपनीने परत बोलावले किंवा काढून टाकले तर सोलापुरातले घर ज्या पगारावर उभे राहील तो तुमचाच असेल. म्हणून हा निर्णय त्यांच्या सवलतीवर टांगू नका, तुमच्या नोकरीवर टांगा. राज्याच्या परावैद्यक परिषदेची नोंदणी असेल तर ती सोलापुरातही चालते. नसेल तर आधी करून घ्या. मग दोन दिवस रजा टाकून एकट्या या, अनुभवाचे दाखले बरोबर आणा आणि चार-पाच प्रयोगशाळांत प्रत्यक्ष भेटा. जागा पक्की झाली तरच डोंबिवलीचा राजीनामा द्यायचा, असे घरात स्पष्ट सांगून ठेवा.

पैशांचा हिशेब या गोष्टीला दुजोराच देतो. हप्ता आणि भाडे यांतला 6,000 रुपयांचा फरक दरमहा पदरचा जाईल. शिवाय घर भाडेकरूकडे गेले की गृहनिर्माण संस्था बिगरवहिवाट शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) लावू शकते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असा राज्याचा नियम आहे, तो माहीत असू द्या. लोकलचा पास, शिकवण्या आणि भाजीपाला यांत थोडी बचत होईल, पण तुमचा पूर्ण पगार गेल्यावर ती बचत कुठल्या कुठे विरून जाईल. डोंबिवलीची सदनिका कुणी कितीही आग्रह केला तरी इतक्यात विकू नका. करार 11 महिन्यांचा करा, म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही वाटा मोकळ्या राहतील.

तुम्ही पाहिलेले सोलापूर हे दिवाळीचे आणि संक्रांतीचे सोलापूर आहे. त्या दिवसांत हवा सुंदर असते, शिवारात हुरडा असतो, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक असते आणि सासूबाईंनी आठ दिवस आधीपासून पाणी भरून ठेवलेले असते. हे शेवटचे वाक्य गमतीत लिहिलेले नाही. उजनीसारखे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूर शहराला वर्षानुवर्षे दररोज पाणी मिळालेले नाही. कधी दोन-तीन दिवसांआड, कधी चार-पाच दिवसांआड नळ येतात, आणि कोणत्या भागात किती वाजता येतात यावर त्या दिवशीची झोप, स्वयंपाक आणि धुणे ठरते. दोन माणसांसाठी बांधलेला हौद पाच माणसांना पुरेल का, वर किती लिटरची टाकी आहे, बोअर असल्यास त्याचे पाणी मेमध्ये टिकते का, या गोष्टी शाळेच्या फीइतक्याच बारकाईने विचारा.

उन्हाळ्यात इथे पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. डोंबिवलीचा घाम इथे नाही, ही जमेची बाजू. हवा कोरडी असल्यामुळे तुमच्याकडे निरुपयोगी ठरणारा साधा पाण्याचा कूलर इथे उत्तम गारवा देतो. फक्त तो कूलर बादल्यांनी पाणी पितो, आणि तेही नेमके टंचाईच्या महिन्यात. स्लॅबचे घर दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहते, त्यामुळे वरच्या खोलीत कुणी झोपायचे यावरून वाद होतात. यजमानांनी मेमधले किमान तीन आठवडे मुलांसह तिथेच राहून, तिथूनच कंपनीचे काम करून पाहावे. तुम्हाला जमतील तेवढे दिवस तुम्हीही जा, मात्र पाहुणी म्हणून जाऊ नका. पाणी भरणे, दळण आणि दवाखाना ही कामे अंगावर घेऊन राहा.

मुलांच्या शिक्षणाची काळजी तुम्हाला सर्वांत जास्त वाटते आणि मला सर्वांत कमी. मंडळ तेच, पुस्तके तीच. सोलापूर मुंबई विभागाऐवजी पुणे विभागात येते, एवढाच फरक. मुलाचे काहीच अडणार नाही. मुलीसाठी मात्र वेळ महत्त्वाची आहे. यायचेच असेल तर नववीच्या सुरुवातीला, या जूनमध्ये यावे. ते साधले नाही तर दहावी होईपर्यंत तिला हलवू नये. शाळा निवडताना तिथे नववीला सेमी-इंग्रजीची तुकडी आहे का आणि ती आज संस्कृत घेत असल्यास तेथेही मिळेल का, हे पाहावे. वर्गात मराठीखेरीज तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले भेटतील आणि दोन महिन्यांत तुमच्या मुलाच्या बोलण्याला आमचा हेल चढेल, त्याचा धसका घेऊ नका.

उरल्या सासूबाई. सगळ्या पत्रात त्यांचे एकही वाक्य नाही. सासरे गेल्यापासून त्या स्वतःच्या वेळेला उठतात, स्वतःच्या चवीचे खातात आणि त्यांची ओट्यावरची डब्यांची रांग कुणी हलवत नाही. चार माणसे कायमची राहायला आली, तर त्यांना आनंद होईल तसा धक्काही बसेल. मुलाने विचारले तर त्या ‘या की, घर तुमचेच आहे’ एवढेच म्हणतील. म्हणून तुम्ही एकट्या असताना विचारा, आणि स्वयंपाकघर कुणाचे राहील हेही त्याच बैठकीत बोला. त्यांच्या पडण्याचा प्रश्न जूनपर्यंत थांबवू नका. याच आठवड्यात गवंडी बोलावून न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसवून घ्या, गुळगुळीत फरशी बदला, रात्री चालू राहील असा दिवा लावा आणि दिवसातून दोनदा येणारी एखादी बाई ठेवा. स्थलांतराची घाई ज्या भीतीपोटी होत आहे ती एवढ्याने बरीच कमी होईल, आणि मग सोलापूरला जायचे का, याचा विचार शांतपणे होईल. तुम्हाला मेपर्यंत काम मिळाले आणि कंपनीचे पत्रही हाती आले, तर माझे मत जावे असे आहे. दोन्हींपैकी फक्त कंपनीचे पत्र मिळाले, तर मुलीची दहावी होईपर्यंत थांबावे.

प्रश्न : आम्ही सोलापुरात राहतो. यजमानांची बदली बार्शीच्या शाखेत झाली आहे. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल आणि मी इथल्या शाळेत शिक्षिका आहे. सारे बिऱ्हाड बार्शीला हलवावे, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : या वर्षी हलवू नये. दहावी आणि तुमची नोकरी दोन्ही सोलापुरात असताना साऱ्या घराला एकासाठी उपटून नेण्यात काही हशील नाही. अंतर सुमारे 70 किलोमीटरचे आहे, पण बार्शी कुर्डुवाडी–लातूर मार्गावर असल्याने रेल्वेने कुर्डुवाडीचा वळसा पडतो आणि रोज एसटीने ये-जा केली तर जवळपास चार तास रस्त्यात जातात. यजमानांनी एक खोली घेऊन सोमवार ते शुक्रवार तिथे राहावे. बार्शी राहायला वाईट मुळीच नाही. बाजारपेठ मोठी आहे, दवाखाने चांगले आहेत, कर्करोगाच्या उपचारांसाठी तर लांबलांबून लोक तिथे येतात. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर मुलीला घेऊन आठ दिवस तिथे राहून या आणि अकरावीचे कनिष्ठ महाविद्यालय तिलाच पाहू द्या. यजमानांच्या जेवणाचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण वडीलधाऱ्यांचा खरा प्रश्न तोच असावा. त्यांना सांगा, की बार्शीत खानावळी आहेत आणि भाकरी थापणे यजमानांनाही शिकता येते.