‘मेंदूच तसा झाला, मी काय करू?’

शाळांमध्ये व्यसन आणि मेंदू यांवर तास घेतले, की पालकांची एक तक्रार ठरलेली असते: मुलांना आयतं निमित्त मिळतं. नागपूरच्या एका आईने ती तावातावाने मांडली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा नववीत. देवापुढे शपथ घेतली, तरी आठवड्यात पुन्हा खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी. "तुमच्या शिकवण्यानं त्याले निमित्तच भेटलं, मॅडम. म्हणते, मेंदूच तसा झाला, मी काय करू?"

निदान पोरगा तासाला जागा होता, हे ऐकून मला बरंच वाटलं!

त्याच्याशी एकट्याशी बोलले. खर्रा खाल्ला की अभ्यासात लक्ष लागतं, म्हणाला. असं सांगणारी मुलं सहसा खोटं बोलत नसतात. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या विशिष्ट ग्राहींना (पेशींवरच्या निरोप पकडणाऱ्या जागांना) चिकटतं, डोपामिन हे रसायन सुटतं, बरं वाटतं. रोजचंच झालं की मेंदू ते ग्राही वाढवतो. मग निकोटिन मिळालं नाही की चिडचिड होते, लक्ष उडतं. खर्रा जे लक्ष ‘देतो’, ते आधी त्यानेच पळवलेलं असतं. गणिताच्या तासाची तगमग यातलीच, हे उमगल्यावर साहेब चांगलेच चिडले.

आता निमित्ताचं. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून या वयात सवय लवकर जडते आणि पानठेल्यासमोर उभं राहिल्यावर शपथ आठवत नाही. जबाबदारी टाकायची ती ठेल्याच्या अलीकडे: येण्याचा रस्ता बदलणं, खिशात सुटे न ठेवणं, मित्रांना आधीच सांगणं. एवढं नववीतल्या मुलाला जमतं. तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिले 3-4 दिवस फार जड जातात, महिन्याभरात बराचसा त्रास उतरतो.

आईला शपथा बंद करायला सांगितलं. मोडलेली शपथ मुलं लपवतात. दातांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं, कारण नुसत्या सुपारीनेही तोंड आखडतं. तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे घरीही पाहता येतं.

पुढे एका लग्नात त्याने पुन्हा खाल्ला. या वेळी घरी त्यानेच सांगितलं. आई रागावलीच, पण सोबत कोण होतं तेही तिने विचारलं. पुढच्या लग्नात कोणाबरोबर बसायचं, ते आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.