मेंदूच्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, मग ब्रेन ट्यूमरमधल्या पेशी येतात कुठून? आणि स्टेम सेलची इंजेक्शनं घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की शाळेत 'मेंदूच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत' असं शिकवलं होतं, मग गाठीत त्या इतक्या भराभर कशा वाढतात. आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर पुण्यातल्याच एका ठिकाणी 'स्टेम सेलची इंजेक्शनं घ्या, मेंदूत नव्या पेशी तयार होतील' असं सांगितलंय, ती घ्यावीत का. मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, मेंदूच्या गाठींच्या बायोप्सी माझ्या टेबलावर येत असतात. पहिला प्रश्न नीट समजून घेतला, तर दुसऱ्याचा निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल.

शाळेतलं ते वाक्य चेतापेशींपुरतं, म्हणजे न्यूरॉनपुरतं, बरंचसं खरं आहे. आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि जवळपास तेवढ्याच ग्लियल पेशी. चेतापेशींना पोसणं, त्यांच्या तंतूंवर वेष्टण चढवणं, साफसफाई करणं ही कामं ग्लियल पेशींची. चेतापेशी पूर्ण वाढली की विभाजन कायमचं सोडून देते, त्यामुळे मोठ्या माणसात तिच्यापासून गाठ होणं फार दुर्मीळ. गाठ होते ती विभाजनाची ताकद राखून असलेल्या पेशींची. ग्लियल पेशी किंवा त्यांच्या पूर्वज पेशी बिघडल्या तर ग्लायोमा, मेंदूच्या आवरणातल्या पेशी वाढल्या तर मेनिंजिओमा (या बहुतेक साध्या गाठी असतात). लहान मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमाचा एक प्रकार लहान मेंदूतल्या अशा पेशींपासून होतो, ज्या जन्मानंतरही काही महिने विभाजित होत असतात आणि पुढे चेतापेशी बनणार असतात. शिवाय मोठ्यांच्या मेंदूत आढळणाऱ्या कितीतरी गाठी मुळात मेंदूच्या नसतातच, फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगातून तिथे पोचलेल्या असतात.

हे स्लाइडवर अगदी स्पष्ट दिसतं. आम्ही की-६७ नावाची तपासणी करतो. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीचं केंद्रक तिच्यात तपकिरी होतं, बाकीच्यांचं निळं राहतं. निरोगी मेंदूचा तुकडा असेल तर सगळं निळंच दिसतं. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्रेड ४ चा, सर्वांत आक्रमक ग्लायोमा असेल, तर तपकिरी केंद्रकांची गर्दी असते, मध्ये मेलेला भाग आणि त्याच्या कडेने दाटीवाटीने उभ्या पेशी. त्या गर्दीत मध्येच एखादी जुनी चेतापेशी सापडते, मोठं केंद्रक आणि त्यात ठळक ठिपका असलेली. चहूबाजूंनी गाठीच्या पेशींनी वेढलेली, तरी ती स्वतः निळीच. ही जवळीक पूर्वी आम्ही नुसती नोंदवत असू. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ग्लायोमाच्या पेशी चेतापेशींशी चक्क जोडण्या करतात आणि त्यांच्या विद्युतसंदेशांवर स्वतःची वाढ करून घेतात. हे वाचल्यापासून त्या स्लाइडकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

मग मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी चेतापेशी अजिबात तयार होत नाही का? १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांमध्ये ती होते असं दाखवलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी संबंधित भागात, तसा पुरावा मिळाला. २०१३ मध्ये स्वीडनच्या गटाने फार सुंदर युक्ती वापरली. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ वाढला आणि नंतर उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वेळच्या हवेतलं प्रमाण उतरतं, त्यामुळे पेशीचं जन्मसाल काढता येतं. त्यांचा हिशोब आला प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशी. २०१८ मध्ये मात्र एका गटाने 'मोठ्यांमध्ये आम्हाला एकही सापडली नाही' असं छापलं आणि काही आठवड्यांतच दुसऱ्या गटाने 'वृद्धांमध्येही सापडतात' असं. वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर थोड्याशा तयार होत असाव्यात, पण झटक्याने गेलेला भाग भरून निघेल इतक्या नक्कीच नाहीत.

आता तुमच्या काळजीचा मुद्दा. नव्या पेशी बनवू शकणाऱ्या जागा आणि गाठीच्या जागा एकमेकींच्या फार जवळ आहेत. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, एक थर असतो. २०१८ मध्ये कोरियाच्या शास्त्रज्ञांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांमध्ये गाठीपासून दूर असलेला हा थर तपासला, तर निम्म्याहून अधिक जणांत, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्या थरात, गाठीतलेच जनुकीय बिघाड थोड्या प्रमाणात सापडले. आपल्या गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत डॉ. अंजली शिरस यांच्या गटाने २००७ मध्ये याच धाग्यावरचं काम प्रसिद्ध केलं. माणसाच्या ग्लायोमातून काढलेल्या, हळू वाढणाऱ्या आणि गाठ न करणाऱ्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवताना आपोआप बदलल्या आणि गाठ करणाऱ्या झाल्या. गुणसूत्रांमधली अस्थिरता हे त्यामागचं कारण निघालं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, पेशी नुसत्या वाढत होत्या.

माणसांतही हे घडलंय. २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६६ वर्षांच्या अमेरिकन गृहस्थांची केस आली. झटक्यानंतर त्यांनी चीन, अर्जेंटिना, मेक्सिकोत जाऊन स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली होती. त्यांच्या मज्जारज्जूत वाढणारी गाठ निघाली आणि तिच्यातल्या पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. त्याआधी मॉस्कोत असेच उपचार घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूतही दात्याच्या पेशींची गाठ झाली होती.

तुम्हाला सांगितलेल्या ठिकाणी बहुधा वडिलांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून देतील. त्यात गाठीचा धोका कमी, हे मान्य. पण उपयोगाचं काय? भारतातल्याच पाच केंद्रांमध्ये झटक्याच्या १२० रुग्णांवर अशा पेशींची चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. उपचार सुरक्षित ठरले, फायदा मात्र दिसला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झटक्यासाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. म्हणून तिथे थेट विचारा: चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक काय, पेशी कुणाच्या, कुठे आणि किती दिवस वाढवलेल्या? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तिथून उठा, आगाऊ रक्कम मागितली तर देऊच नका.

तेवढा पैसा फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीवर घाला. झटक्यानंतर हात-पाय परत हलू लागतात ते मुख्यतः उरलेल्या चेतापेशी नव्या जोडण्या करतात म्हणून, आणि त्या जोडण्या सरावानेच होतात. पहिले काही महिने यासाठी सर्वांत मोलाचे असतात. वडिलांच्या न्यूरॉलॉजिस्टना तुमचे हे प्रश्न जसेच्या तसे दाखवा. झटका येऊन किती दिवस झाले ते इथे लिहिलं नाहीत, ते कळवा.