मृत्यूच्या दाखल्यावरील नाव आणि अडकलेली मुदतठेव

नमस्कार.

तुमच्या वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले आहेत. त्यांच्या पावणेचार लाखांच्या मुदतठेवीवर आईचे नामनिर्देशन (नॉमिनेशन) आहे, पण त्यात आईचे सासरचे नाव आणि आधारकार्डावर माहेरचे नाव असल्यामुळे बँकेच्या शाखेने न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे वारस कोण हे सांगणारा कागद, आणायला सांगितले आहे, असे तुम्ही लिहिता. शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक प्रश्न विचारला आहे : मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडले गेले आहे, ते कितपत महत्त्वाचे? माझ्या मते तुमची खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे आमचे आठ महिने गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दावा अर्ज, केवायसी, मूळ ठेवपावती वगैरे तुम्ही दिलेच असेल, त्यात शिरत नाही. मी वकील नाही आणि बँकेतही नोकरीला नव्हते; जे भोगले आणि त्यानंतर जे वाचून समजून घेतले, तेवढेच सांगते.

माझे वडील २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले. खरी नावे लिहीत नाही; त्यांना दत्तात्रय म्हणू. पॅनकार्डावर, बँकेत आणि साखर कारखान्याच्या कागदोपत्री ते दत्तात्रय होते, पण गावाने त्यांना चाळीस वर्षे आप्पासाहेब याच नावाने हाक मारली. त्यांना रात्री पावणेबाराला शहरातील रुग्णालयात दाखल केले, तेव्हा आधारकार्ड घरी कपाटात होते. काउंटरला दोरीने बांधून ठेवलेल्या पेनाने माझ्या भावाने फॉर्मवर ‘आप्पासाहेब’ असे लिहिले, कारण त्या घाईत त्याला तेच नाव आठवले. तिसऱ्या दिवशी वडील गेले. मृत्यू रुग्णालयात झाला, की त्याची माहिती जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडे रुग्णालयच पाठवते, आणि ती केसपेपरवरून जशीच्या तशी उतरवली जाते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी दाखल्याच्या दहा प्रती आणल्या. त्या मोजून घेतल्या, वाचल्या नाहीत.

इथवर चूक भावाची होती असे मी बरीच वर्षे म्हणत असे, पण त्याच्यापेक्षा महागात पडलेली चूक माझी होती. कामे लवकर उरकावीत म्हणून त्या दहा प्रतींपैकी पाच मी आठवडाभरात वाटून टाकल्या : गॅस एजन्सी, वीजजोडणी, तलाठी कार्यालय, एक पतसंस्था आणि बँक. पतसंस्थेतील सगळे आप्पासाहेबांना ओळखणारे असल्यामुळे तिथले काम त्या चुकीच्या दाखल्यावरही झाले, आणि त्यामुळे मला वाटले की नावाचा फरक ही किरकोळ बाब आहे. पुढे सातबाऱ्यावरील वारसाचा फेरफार नामंजूर झाला, कारण जमीन दत्तात्रयांची आणि मृत्यू आप्पासाहेबांचा. बँकेनेही याच मुद्द्यावर फाइल परत केली. नंतर दुरुस्त दाखला मिळाला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी नवाच प्रश्न उभा राहिला : एकाच मृत्यूचे दोन दाखले कसे? म्हणून तुम्हाला माझे पहिले सांगणे हेच आहे, की आहे त्या दाखल्याची एकही प्रत यापुढे कुठेही देऊ नका. बँकेत दिली असेल तर ‘नावात दुरुस्ती करून घेत आहोत’ असे पत्र आजच देऊन त्याच्या स्थळप्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

दुरुस्ती होते कुठे, याबद्दलही पुष्कळांचा गैरसमज असतो. मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते आणि दुरुस्तीही तिथेच होते. आमचे गाव त्या शहरापासून एकशे दहा किलोमीटर होते. सकाळी साडेसहाची एसटी पकडायची, अकरापर्यंत त्या कार्यालयात पोहोचायचे आणि ‘संबंधित कर्मचारी आज रजेवर आहेत’ हे ऐकून परत फिरायचे, असे माझे चार वेळा झाले. त्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही. पाचव्या खेपेला संबंधित कर्मचारी भेटले. त्यांनी कागद न उलटता सांगितले, ‘नावात बदल आहे, गॅझेट आणा.’ राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज माणसाने स्वतः, स्वतःच्या सहीने करायचा असतो. गेलेल्या माणसाने तो कसा करावा, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ते तुम्ही बघा.’ मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला आणि बसने परत आले. आजही ते ‘तुम्ही बघा’ आठवले की हात थरथरतात, त्यामुळे इथे थोडा तोल जात असेल तर समजून घ्या.

वस्तुस्थिती अशी आहे, की जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार नोंदीतील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार निबंधकाला आहे आणि त्यासाठी राजपत्राची गरज नसते. हे नाव बदलणे नव्हे, चुकीची नोंद दुरुस्त करणे आहे. अर्जात ‘नाव बदल’ हे शब्द चुकूनही लिहू नका, ‘नोंदीतील चुकीची दुरुस्ती’ असेच लिहा. मी आधी ‘बदल’ लिहिले होते आणि गॅझेटचे प्रकरण बहुधा तिथूनच सुरू झाले. शेवटी आमचे काम ज्या कागदाने झाले तो कागद रुग्णालयाचा होता. तिथल्या अभिलेख विभागात वडिलांचे आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवून, ‘दाखल करतेवेळी नातेवाइकांनी बोलीभाषेतील नाव नोंदविले होते’ असे पत्र निबंधकांच्या नावे घेतले. ते पत्र, दोन शेजाऱ्यांची निवेदने आणि भावाचे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर बारा दिवसांत दुरुस्त दाखला मिळाला. तुमच्या वडिलांचा मृत्यू घरी झाला असेल तर हा मार्ग थोडा वेगळा असेल. तेव्हा नोंद ज्या माहितीवरून झाली तो कागद आधी पाहून घ्या.

‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ अशा प्रतिज्ञापत्रावर भागेल, असे तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. माझे मत त्याविरुद्ध आहे. ते ठिगळ आहे. एक कार्यालय मानते, दुसरे मानत नाही, आणि जे मानत नाही ते नेमके पैसे अडकलेले असतात तिथलेच निघते. अर्थात, तुमच्या शाखेने ‘राव’पुरते ते लेखी मान्य केले तर वाद घालू नका.

आता आईच्या नावाविषयी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नाव पुढे रेशनकार्डावर जाते, शाळेच्या दाखल्यावरचे आधारकार्डावर राहते आणि नवरा प्रेमाने तांदळावरचे नाव बँकेत लावतो. आमच्या आईचेही अगदी हेच झाले होते. इथे फरक असा, की आई हयात आहे. गरज पडल्यास तिच्या नावाची राजपत्रातील प्रसिद्धी तिच्या स्वतःच्या अर्जावर होऊ शकते. आमच्याकडे त्याआधीच काम भागले, कारण जुन्या रेशनकार्डावर वडिलांच्या नावाखाली ‘पत्नी’ म्हणून सासरचे नाव होते आणि ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली. त्या दोन्हींच्या प्रतींसह दिलेले प्रतिज्ञापत्र बँकेने स्वीकारले. एवढे मात्र घरात सर्वांना सांगून ठेवा, की नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते. त्यामुळे आपोआप एकटीच मालक होते असे नाही.

उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या मागणीबद्दल मात्र तुम्ही ठाम राहा. आम्ही राहिलो नाही. एका परिचितांच्या सांगण्यावरून मी वकिलांना पंधरा हजार रुपये आगाऊ दिले आणि ते परत मिळाले नाहीत. नामनिर्देशन वैध असेल तर बँकेने असे प्रमाणपत्र मागू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना २००५ पासून होती, हे मला नंतर कळले. सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांनंतर तर चित्र आणखी स्पष्ट आहे. नामनिर्देशन नसले आणि वारसांत वाद नसला, तरी सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचा दावा न्यायालयाच्या कागदाशिवाय सोप्या पद्धतीने निकाली काढायचा आहे. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. म्हणून शाखेकडे मागणी लेखी मागा. तोंडी ‘सक्सेशन आणा’ म्हणणारे अधिकारी लेखी द्यायची वेळ आली की बहुतेकदा फाइल पुन्हा उघडून पाहतात. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा क्रमांक आहे. तलाठ्याकडील वारसनोंद घेऊन बँकेत जाऊ नका. ती जमिनीपुरती असते, ठेवीसाठी तिचा उपयोग नाही.

तेराव्याच्या खर्चासाठी वडिलांच्या एटीएम कार्डाने वीस हजार काढल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. रागावू नका, पण ते आता थांबवा आणि दावा अर्जासोबत स्वतःहून सांगून टाका. आमच्याकडे भाऊजींनी असेच पैसे काढले होते. हेतू स्वच्छ होता, तरीही शाखेला ते खातेउताऱ्यात दिसले आणि पुढचे दोन महिने प्रत्येक पत्रात त्याचा उल्लेख येत राहिला. त्या काळात आईला ठेवीचे दरमहा मिळणारे साडेतीन हजारांच्या आसपासचे व्याज हातात येत नव्हते. ते बुडाले नाही, पुढे एकरकमी मिळाले. पण दूधवाल्याचे आणि औषधांचे बिल काही एकरकमी थांबत नाही. तिने भिशीतील रक्कम मुदतीआधी उचलली आणि आम्हा भावंडांना ते तीन महिन्यांनी सांगितले.

खातेउतारा हातात असेलच, तर मे महिन्याच्या अखेरीस ४३६ किंवा २० रुपयांची वजावट दिसते का ते बघा. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती आणि दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते. जीवनज्योतीचे दोन लाख मृत्यूच्या कोणत्याही कारणासाठी मिळतात, मात्र वयाच्या ५५ पर्यंतच. वीस रुपयांचा विमा फक्त अपघातासाठी आणि ७० पर्यंत आहे. तुमच्या वडिलांचे वय तुम्ही लिहिलेले नाही. पतसंस्थेतही ठेव असेल तर तिला बँकांसारखे पाच लाखांचे ठेवविमा संरक्षण नसते, एवढे लक्षात ठेवून ती आधी मोकळी करून घ्या.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, म्हणून गेल्या महिन्यात आईच्या नव्या ठेवीवर भावाचे आणि माझे नाव लावायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारले, ‘मॅडम, नाव माहेरचं लावू की सासरचं?’ मी आधारकार्ड काचेखालून तिच्याकडे सरकवले आणि यावर आहे तसेच, एकही अक्षर इकडेतिकडे न करता लिहा, असे सांगितले. तिने लिहिले, मी ते दोनदा वाचले, आणि मगच आईने सही केली.