२५ डिसेंबर आला कुठून?

प्रश्न : परवा भाच्याशी वाद झाला. तो म्हणतो, येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाहीच. रोमन लोकांचा सूर्याचा सण चर्चने उचलला आणि त्याला नाताळ नाव दिलं. मला उत्तर सुचलं नाही. हे खरं असेल तर सणाला अर्थ काय उरतो?
– एक वाचक

उत्तर : भाच्याचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलमध्ये आहेत. त्यांपैकी जन्माची हकिगत मत्तय आणि लूक या दोघांनीच सांगितली आहे, आणि दोघांनीही दिवस किंवा महिना दिलेला नाही. मार्क तर थेट मोठ्या झालेल्या येशूच्या बाप्तिस्म्यापासूनच सुरुवात करतो. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक तेव्हा प्रचलित असलेल्या काही तारखा नोंदवतो. त्यांत एप्रिल-मे आहे, २५ डिसेंबर नाही.

दुसरं म्हणणं मात्र इतकं सरळ नाही. चर्चचा इतिहास शिकवायला लागले तेव्हा मीही वर्गात हेच सांगायचे : ऑरेलियन सम्राटाने २७४ मध्ये रोमला सूर्याचं मंदिर बांधलं, तोच सण पुढे चर्चने घेतला. मग ३५४ सालच्या रोमन पंचांगाची माहिती वाचली आणि थबकले. त्यात २५ डिसेंबरसमोर ‘अजिंक्याचा जन्मदिन’ असं लिहिलंय, म्हणजे सूर्याचा. आणि त्याच ग्रंथातल्या, ३३६ च्या सुमाराच्या हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला ‘यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला’ हेही आहे. दोन्ही नोंदी एकाच ग्रंथात! कुणी कुणाचं घेतलं, हे त्यावरून ठरत नाही.

शिवाय एक जुना हिशेब आहे. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चला झाला आणि त्याच तारखेला तो मरियेच्या उदरी आला, अशी समजूत होती. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिननेही ती लिहून ठेवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ६ जानेवारी ही तारीख रुजली; आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव त्याच दिवशी करतं. हा हिशेब मला सूर्याच्या सणापेक्षा जास्त पटतो, पण निकाल लागलाय असं मी म्हणणार नाही.

आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, आणि तो लॅटिन ‘नातालिस’वरून, म्हणजे जन्माचा. तारखेचा त्यात मागमूस नाही.

आता अर्थाचं. तुम्ही लूकचा दुसरा अध्याय काढा. ‘गव्हाणी’ हा शब्द तिथे तीनदा येतो. मेंढपाळांना खूण म्हणून सांगितलं जातं ते हेच : बाळंत्याने गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं मूल. जनावरांच्या वैरणीची ती जागा. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात गवताने भरलेली गव्हाण मांडली, शेजारी खरा बैल आणि गाढव उभे केले आणि तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, झाली. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले. पण गव्हाणीवर बोट ठेवलं ते फ्रान्सिसने अचूक.

भाच्याला लूकच्या याच अध्यायातली पहिली सात वचनं मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्या वचनात कैसर औगुस्ताची आज्ञा सुटते, सगळ्या जगाची नावनिशी लिहिण्याची. सातव्यात बाळ गव्हाणीत आहे, कारण उतारशाळेत जागा नव्हती. त्यानंतर औगुस्ताचं नाव लूकच्या शुभवर्तमानात पुन्हा येत नाही.